रात्रपाळीचा थकवा आणि सल्लागारांची सेवा : चाकणच्या एका कारखान्यातील अनुभव

चाकण औद्योगिक वसाहतीत मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्याने गेल्या वर्षी एका सल्लागार संस्थेकडून ‘थकवा व्यवस्थापन’ ही सेवा घेतली. कारखान्याचा सुरक्षा अधिकारी या नात्याने मी ती पहिल्या बैठकीपासून जवळून पाहिली आहे. कारखाने, गोदामे, रुग्णालये, कॉल सेंटर अशा पाळ्यांमध्ये चालणाऱ्या ठिकाणी आता या प्रकारच्या सेवा विकल्या जात आहेत, आणि त्यांची माहितीपत्रके वाचून प्रत्यक्षात हाती काय पडेल याचा अंदाज येत नाही, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव देत नाही. मला भेटलेल्या इतर विक्रेत्यांचे आराखडेही थोड्याफार फरकाने असेच होते, तेव्हा वाचकाला खरा उपयोग आराखडा पारखण्याचा आहे.

करार वर्षभराचा आणि दर प्रति कामगार असा होता. झोप आणि थकव्याची पाहणी, पाळ्यांच्या वेळापत्रकाची फेरतपासणी, विश्रांती कक्षाची उभारणी, पर्यवेक्षकांचे प्रशिक्षण, झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची प्राथमिक तपासणी, मनगटी पट्टे आणि फोर्कलिफ्ट या माल उचलणाऱ्या गाडीवर बसवायचे कॅमेरे एवढे त्यात येत होते. माझे मत आधीच सांगतो. वेळापत्रकाला हात घालणारा भाग मोलाचा आहे आणि तेवढ्यासाठीही ही सेवा घ्यावी. उपकरणांवर मात्र एक रुपयाही खर्च करू नये असे मला वाटते.

सुरुवातीच्या पाहणीबद्दल संस्थेचे कौतुक करायला हवे, कारण त्यांची माणसे दिवसा कार्यालयात बसून अहवाल लिहिणारी नव्हती. ती तिसऱ्या पाळीत, रात्री 2 ते पहाटे 5 या वेळेत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, उभी राहिली. शरीराचे घड्याळ सर्वांत खाली येते ते याच सुमारास, आणि दिवसा निर्दोष दिसणारी कामाची पद्धत या वेळी कशी ढासळते हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. हात यंत्रात सापडू नयेत म्हणून एका प्रेसवर दोन्ही हातांनी एकाच वेळी बटणे दाबल्याशिवाय स्ट्रोक, म्हणजे यंत्राचा दाब, बसत नाही अशी सोय आहे; पहाटे 4 च्या सुमारास त्यातील एक बटण लाकडी पट्टी अडकवून कायमचे दाबून ठेवलेले त्यांना दिसले. त्यांनी ऑपरेटरवर तक्रार लिहिली नाही. ‘हात वर राहत नाहीत साहेब, या वेळेला,’ हे त्याचे उत्तर जसेच्या तसे अहवालात घातले आणि त्याखाली त्या पाळीत एका माणसावर किती स्ट्रोकचा भार येतो याचा हिशेब मांडला. व्यवस्थापनाला तो अहवाल बाजूला ठेवता आला नाही.

प्रश्नावलीचा भाग मात्र कच्चा होता. एपवर्थ निद्राळूपणा मापन ही ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये मांडलेली, जगभर वापरली जाणारी प्रश्नावली आहे. तिच्यात आठ प्रसंग दिलेले असतात, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता 0 ते 3 या अंकांत सांगायची असते आणि बेरीज 10 च्या वर गेली की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर मानतात. प्रश्नावलीचे मराठी आणि हिंदी भाषांतर संस्थेने आणले होते, पण बसून वाचताना, मोटारीत प्रवासी म्हणून तासभर बसल्यावर, हे प्रसंग आमच्या कामगारांच्या दिनक्रमात बसत नव्हते. ‘मोटारीऐवजी कंपनीची बस धरली तर चालेल का?’ असे एकाने विचारले तेव्हा पाहणी करणाऱ्या मुलीला पटकन उत्तर देता आले नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे अर्जावर टोकन नंबर, म्हणजे कामगाराचा ओळख क्रमांक, लिहायचा होता. ज्या कारखान्यात कामावर डोळा लागला की नोटीस मिळते, तिथे ‘मला झोप येते’ असे नंबरासह कोण लिहून देईल? बहुतेकांनी शून्ये भरली. पुढे टोकन नंबर काढून टाकून हीच पाहणी पुन्हा केली, तेव्हा कुठे तिला अर्थ आला.

टॅबलेटवरची दक्षता चाचणी त्या मानाने भरवशाची होती. पडद्यावर अधूनमधून आकडे धावू लागतात, दिसताक्षणी बोट टेकवायचे आणि हे सलग दहा मिनिटे करायचे. प्रतिसादाला अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला की ती चूक धरतात. झोप कमी झालेल्या माणसाची सरासरी गती फार बिघडत नाही, पण मध्येच एखादा प्रतिसाद अचानक लांबतो, आणि यंत्रासमोर धोका त्या लांबलेल्या क्षणाचाच असतो. ‘मला रात्रीची सवय आहे’ असे छातीठोकपणे सांगणारे आमचे काही जुने पर्यवेक्षक या चाचणीत नव्या पोरांपेक्षाही मागे पडले. यात त्यांचा दोष नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्या माणसांची कामगिरी एक ते दोन रात्री सलग जागलेल्यांइतकी घसरली, आणि तरीही त्यांना स्वतःला झोपेची फारशी जाणीव नव्हती. थकलेल्या माणसाला ‘तू थकला आहेस का?’ असे विचारून सुरक्षितता सांभाळता येत नाही, ही बाब व्यवस्थापनाच्या गळी उतरवण्याचे काम या चाचणीने केले.

आता वेळापत्रक. आमच्याकडे पहिली पाळी सकाळी 7 ते दुपारी 3:30, दुसरी तिथून रात्री 12 पर्यंत आणि तिसरी 12 ते सकाळी 7 अशी असते, आणि पाळी दर आठवड्याला बदलते. वर्षानुवर्षे पहिलीनंतर तिसरी, तिसरीनंतर दुसरी असा उलटा क्रम चालू होता आणि तो का ठरला हे कोणालाच सांगता येत नव्हते. माणसाच्या शरीराचे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालते. त्यामुळे झोपेची वेळ पुढे ढकलणे त्याला जमते, अलीकडे ओढणे जड जाते. पहिली, दुसरी, तिसरी असा सुलटा क्रम लावण्याची शिफारस याच कारणाने केली जाते, आणि संस्थेने तीच केली.

सुलट्या क्रमात एक अडचण दडलेली असते आणि ती न सांगणारे सल्लागारही मला भेटले आहेत. तिसरी संपवून पहिलीला येताना माणूस रविवारी सकाळी 7 ला सुटतो आणि सोमवारी सकाळी 7 ला पुन्हा दारात उभा राहतो. म्हणजे साप्ताहिक सुट्टीचा अर्धा दिवस रात्रपाळीची झोप काढण्यात जातो आणि त्या रात्री लवकर झोप येत नाही ती वेगळीच. आमच्या संस्थेने हे स्वतःहून दाखवून दिले आणि तिसरीतून पहिलीत जाणाऱ्या गटाला सोमवारीही सुट्टी मिळेल अशी मांडणी करून दिली. कामाचे तास त्यांनी बाकीच्या दिवसांत कसे बसवले, हे पाहण्यासारखे होते. नियोजन विभागाच्या माणसांबरोबर बसून, कोणत्या ग्राहकाची गाडी कोणत्या दिवशी सुटते इथपासून त्यांनी गणित केले.

दुसरी शिफारस होती पाळ्या दर दोन दिवसांनी बदलण्याची. जलद बदलणाऱ्या पाळ्यांत सलग रात्री कमी होतात आणि झोपेची थकबाकी साठत नाही, हा त्यामागचा विचार चुकीचा नाही. पण आमचे बरेच कामगार नाणेकरवाडी, महाळुंगे, खराबवाडी भागात एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात आणि खोलीतली माणसे शक्यतो एकाच पाळीत असतील असे स्वतःच जमवून घेतात, म्हणजे एक झोपलेला असताना दुसऱ्याचा डबा, आंघोळ, मोबाइल असा खोळंबा होत नाही. दर दोन दिवसांनी पाळी बदलली असती तर ही घडी मोडली असती. युनियनच्या प्रतिनिधींनी बैठकीत हे मांडले तेव्हा संस्थेने आग्रह सोडला. ही चौकशी आराखडा करण्यापूर्वी व्हायला हवी होती.

सर्वांत मोठा बदल ‘डबल’वर आलेल्या बंधनाने झाला. तिसऱ्या पाळीचा माणूस आला नाही की दुसरीच्या माणसाला थांबवून घ्यायचे, ही सर्वत्र चालणारी रीत आहे. सकाळी 8 ला उठलेला माणूस रात्री 12 वाजता सोळा तास जागा असतो आणि डबल करून 7 ला सुटेपर्यंत तेवीस तास. डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवले होते की सतरा तासांच्या जागरणाने हात आणि डोळ्यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्य असताना होतो तितका बिघडतो, आणि चोवीस तासांच्या जागरणाने 0.10 टक्के असताना होतो तितका. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकासाठी मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. ज्या अवस्थेच्या माणसाला कायदा स्कूटरही चालवू देत नाही, त्या अवस्थेच्या माणसाला आपण प्रेससमोर उभे करत होतो. संस्थेच्या डॉक्टरांनी हा हिशेब संचालकांसमोर फळ्यावर खडूने मांडला, आणि मध्यरात्र ओलांडणारे डबल त्याच बैठकीत बंद झाले. त्यासाठी प्रत्येक पाळीत राखीव माणसे ठेवावी लागली, पगाराचा खर्च वाढला आणि तो वाढणारच होता. एवढा खर्च करायची ज्या व्यवस्थापनाची तयारी नसेल, त्याने ही सेवा घेऊ नये.

कामगारांपैकी काहीजण या बंधनावर नाराज झाले आणि त्यांची नाराजी मला रास्त वाटते. डबलचे पैसे दुप्पट दराने मिळतात. गावाकडचे कर्ज, मुलांची फी, खोलीचे भाडे यांची तोंडमिळवणी अनेकजण त्यावरच करतात. प्रशिक्षणाच्या वर्गात ‘झोपेला प्राधान्य द्या’ असे पडद्यावरच्या इंग्रजी स्लाइडवरून वाचून दाखवणाऱ्या वक्त्याला हे ठाऊकच नव्हते. पर्यवेक्षकांसाठीचा तो संपूर्ण दिवस वाया गेला. कोणाच्या डोळ्यांवर झापड आली आहे हे कसे ओळखावे, ओळखल्यावर त्याला कोणत्या कामावर हलवावे आणि तसे हलवल्याने उत्पादन घटले तर जबाब कोण देणार, हे तीन प्रश्न पर्यवेक्षकांना पडलेले होते आणि त्यांचे उत्तर वर्गात मिळाले नाही.

विश्रांती कक्षाबाबत संस्थेचे काम चांगले झाले, जरी सुरुवातीला त्यांनी सुचवलेली जागा कॉम्प्रेसरच्या भिंतीला लागून होती आणि ती बदलायला लावावी लागली. दीडशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात विश्रांतीची खोली असावी ही तरतूद 1948 च्या कारखाने अधिनियमातच होती. प्रत्यक्षात अशा खोल्यांत बाके आणि जुन्या फायली सापडतात. इथे जाड पडदे, स्वच्छ चादरी, मंद दिवा आणि उशीखाली थरथरणारा गजर आहे. जेवणाच्या सुट्टीला जोडून वीस मिनिटांची डुलकी घ्यायची आणि उठल्यावर तोंड धुऊन किमान पंधरा मिनिटे यंत्राला हात लावायचा नाही, असा नियम आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात चाळीस मिनिटांची मुभा दिल्यावर ते सरासरी सव्वीस मिनिटे झोपले आणि त्यांची दक्षता स्पष्टपणे सुधारली. छोट्या डुलकीला आज जी मान्यता आहे ती बरीचशी त्या अभ्यासातून आलेली आहे.

उठल्यानंतरच्या पंधरा मिनिटांचा आग्रह कशासाठी, हे समजावण्यासाठी डॉक्टरांनी मंगळूरच्या अपघाताचे उदाहरण दिले. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान पहाटे मंगळूरला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि 158 जणांचा मृत्यू झाला. चौकशीत असे आढळले की मुख्य वैमानिक प्रवासाचा बराच काळ झोपलेले होते आणि उठल्यानंतरची सुस्ती त्यांच्या निर्णयक्षमतेवर परिणाम करणाऱ्या कारणांपैकी एक असावी. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचा मेंदू काही काळ अर्धवट जागा असतो. हे उदाहरण ऐकल्यापासून पंधरा मिनिटांच्या नियमाबद्दल आमच्याकडे कोणी कुरकुर केलेली नाही.

या कक्षात पहिले काही आठवडे कोणी फिरकलेच नाही. कामावर झोपणे आमच्या स्थायी आदेशांत गैरवर्तन आहे आणि सुरक्षारक्षकाच्या वहीत नाव जाईल ही भीती सगळ्यांच्या मनात होती. शेवटी कारखाना व्यवस्थापकांच्या सहीचे परिपत्रक निघाले, त्यात नेमून दिलेल्या वेळेत विश्रांती कक्षात घेतलेली झोप गैरवर्तन धरली जाणार नाही असे स्पष्ट शब्दांत लिहिले, आणि पहिल्या रात्री स्वतः पाळी प्रमुख तिथे जाऊन झोपले. तेव्हापासून कक्ष भरलेला असतो. असा कक्ष उभारणाऱ्या प्रत्येकाने आधी परिपत्रक काढावे, पलंग नंतर घ्यावेत.

कँटीनमधले बदल किरकोळ होते. रात्री 2 चे भरपेट भातजेवण अलीकडे आणून हलके केले, आणि पहाटे 4 नंतरचा चहा ऐच्छिक केला, कारण चहा-कॉफीतील कॅफीनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनीही रक्तात राहतो आणि 8:30 ला अंथरुणाला पाठ टेकणाऱ्याची झोप उडवतो. बसच्या मार्गाचा बदल मात्र अनपेक्षितपणे मोठा ठरला. तिसरीची बस आधी सगळीकडे वळसे घेत जायची आणि शेवटचा माणूस 9 च्या पुढे घरी पोहोचायचा. तिच्या दोन छोट्या फेऱ्या केल्यावर त्या माणसाला झोपेचा जवळजवळ एक तास परत मिळाला. हे सुचवायला सल्लागाराची गरज नव्हती खरी, पण इतकी वर्षे कोणाला सुचले नव्हते.

संस्थेने एका रविवारी कामगारांच्या कुटुंबीयांसाठी घेतलेला कार्यक्रम मला सगळ्या सेवेत सर्वांत मनापासून केलेला वाटला. समुपदेशक बाई साध्या मराठीत बोलत होत्या आणि ऐकून जास्त घेत होत्या. ‘सकाळी नळाला पाणी आलं की हे उठतात, बादल्या भरतात, मग झोप लागत नाही. मी एकटीने किती भरू, ताई?’ असे एकीने विचारले. त्यावर व्याख्यान झाले नाही. पाणी किती वाजता येते, टाकी आहे का, शेजारी कोण आहे, अशी चौकशी झाली आणि त्या चाळीतल्या तिघींनी आळीपाळीने पाणी भरायचे ठरवले. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली दिवसा झोपणे किती कठीण असते हेही तिथेच पुढे आले. छतावर पांढरा रंग, खिडकीला ओले पोते, पहिल्या मजल्याऐवजी तळमजल्याची खोली, असे उपाय बायकांनी एकमेकींना सांगितले आणि संस्थेने ते लिहून घेऊन पुढच्या पत्रकात छापले.

वैद्यकीय तपासणीचा भागही उपयोगाचा होता. जोरात घोरणे, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहणे, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर, लिंग या आठ मुद्द्यांवरून श्वास अडण्याच्या विकाराची शक्यता तपासतात आणि संशय असलेल्यांना रात्री घरी लावायचे यंत्र देतात. वर्षानुवर्षे ‘आळशी’ ठरवला गेलेला आमचा एक क्रेन ऑपरेटर या तपासणीत आजारी निघाला, आणि उपचार सुरू झाल्यावर त्याच्यात पडलेला फरक सगळ्या विभागाने पाहिला. पण निदानानंतर काय, याची तयारी संस्थेकडे नव्हती. श्वासाचे यंत्र कोण घेऊन देणार, कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या कामगाराने कोणती कागदपत्रे घेऊन कुठे जायचे, हे आम्हालाच शोधावे लागले.

उपकरणांविषयी आता थोडक्यात. मनगटी पट्टा हालचालीवरून झोप मोजतो. निश्चल पडून तळमळणारा माणूसही त्याला झोपलेला वाटतो. त्यातच प्रत्येकाच्या झोपेचे तास पाळी प्रमुखाच्या पडद्यावर दिसण्याची सोय केलेली होती. माणूस घरी किती वाजता झोपला हे त्याच्या वरिष्ठाला कळण्याचे काहीच कारण नाही, आणि अशी संमती नोकरीच्या दडपणाखाली घेतली तर ती संमती उरत नाही. युनियनने आक्षेप घेतला, मीही त्यावर सही केली आणि पट्टे परत गेले. फोर्कलिफ्टवरचे कॅमेरे डोळ्यांच्या पापण्या मिटण्यावरून इशारा देतात. सुरक्षा चष्मा आणि गोदामातला अंधूक उजेड यांमुळे ते इतक्या वेळा विनाकारण वाजले की चालकांनी त्यांच्याकडे लक्ष देणे सोडले. शिवाय डोळे मिटू लागल्यावर वाजणारा भोंगा वाजेपर्यंत चालकाची दक्षता केव्हाच गेलेली असते.

माझा सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी नोंदवतो. दर प्रति कामगार असल्याने कराराच्या यादीत फक्त कायम कामगार आले. कंत्राटी मुले, सुरक्षारक्षक, कँटीनची माणसे आणि बसचालक वगळले गेले. सर्वांत जास्त डबल हीच मुले करत होती, सर्वांत कोंदट खोल्यांत हीच राहतात, आणि पहाटे 5 ला उठून सगळ्यांना आणायला निघणारा बसचालक किती झोपला आहे याची चौकशी एकाही अहवालात नाही. संस्थेने हे सुचवायला हवे होते आणि आमच्या खरेदी विभागाने यादी पाहताना विचारायला हवे होते. कायम कामगारांचे डबल बंद झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तो भार गुपचूप कंत्राटी मुलांवर सरकला. हजेरीच्या नोंदी मी ठेकेदारानुसार वेगळ्या काढल्या तेव्हाच ते दिसले.

पाचपैकी गुण द्यायचे तर वेळापत्रकाच्या कामाला साडेचार, विश्रांती कक्षाला आणि कुटुंबीयांच्या कार्यक्रमाला चार, वैद्यकीय तपासणीला तीन, पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणाला एक आणि उपकरणांना शून्य. दुर्घटना कमी झाल्या असे इतक्या लवकर म्हणणे प्रामाणिक ठरणार नाही. मात्र तिसऱ्या पाळीतील थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी आता कामगार स्वतः आणून देतात, आणि कारणाच्या रकान्यात ‘झोप’ हा शब्द लिहायला घाबरत नाहीत.

या वर्षी कराराचे नूतनीकरण केले आहे. पट्टे, कॅमेरे आणि वर्गातले प्रशिक्षण वगळले असून त्या पैशांत दर तिमाहीला वेळापत्रकाची तपासणी आणि श्वासाच्या विकाराच्या रुग्णांचा पाठपुरावा घेतला आहे. फाटकातून आत येणारा प्रत्येक माणूस, मग तो कोणाच्याही हजेरीवर असो, यादीत धरला जाईल हे कलम करारात पहिले आहे.